मानाचा धूर

डिझेल थेट जळत नाही, आधी मोडतं. हे वाक्य मी बारावीच्या वर्गात दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी मागच्या बाकावरचं एखादं कार्टं शेजाऱ्याला डोळा मारतं. त्याच्या घरी ट्रॅक्टर असतो, आणि डिझेलमधलं बाईपेक्षा आपल्याला जास्त कळतं अशी त्याची खात्री असते. मग मी मेणबत्ती पेटवते, ज्योतीत गार चमचा धरते आणि चमच्याला काळं लागलं की विचारते, मेण पांढरं, वात पांढरी, मग हे काळं आलं कुठून? कुणीतरी म्हणतं, 'वात जळली, मॅडम.' वात जळली म्हणे! असली पोरं पुढं इंजिनिअर होतात आणि पूल बांधतात.

मेण काय, रॉकेल काय, डिझेल काय, सगळ्या कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या. पुरेशी हवा मिळाली तर निमूट जळून जातात, मागे वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, तक्रारीला जागा नाही. पण उष्णता भरपूर आणि हवा कमी पडली की साखळी तुटते. तिचे बारीक तुकडे होतात. त्यातला एक ॲसिटिलीन, वेल्डिंगवाल्याच्या टाकीत असतो तोच. हे तुकडे मोकळे राहत नाहीत, एकमेकांना धरतात. सहा कार्बनांचं कडं होतं, म्हणजे बेंझीन, मग कड्याला कडं जुळत जातं आणि प्रत्येक वेळी थोडा हायड्रोजन गळतो. कड्यांचे पत्रे होतात, पत्र्यांची चळत होते, चळतीचा कण होतो. एकटा कण डोळ्याला दिसायची सोय नाही. कणाला कण चिकटून लोंबत्या माळा झाल्या की मग दिसतो तो धूर. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. आणि यातली बरीचशी काजळी पुढं हवा भेटली की इंजिनातच जळूनही जाते. जिला हवा भेटली नाही तेवढीच बाहेर पडते.

मला हे इतकं पाठ आहे कारण मला लहानपणापासून दमा आहे. शत्रूची कुंडली माणूस पाठ करतोच.

आमचं घर सांगलीला, विश्रामबागेत. वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. पेन्शनीत आल्यावरही घरातल्या चपला एका ओळीत लागतात आणि दिलेला शब्द फिरत नाही, या दोन गोष्टींचा त्यांना भारी अभिमान. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं, जवळच्याच ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले, आणि तिशी ओलांडली तरी लग्न जमेना. दोन ठिकाणी पसंती येऊन मोडलं. दोन्ही वेळा आबांनी समोरच्यांना सरळ सांगितलं होतं की पोरीला दमा आहे, इनहेलर लागतो. एक घर म्हणालं कळवतो, आणि अजून कळवतंय. दुसऱ्या घरच्या बाईनं माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं, 'पोरंबी तसलीच व्हायची का?' आई त्या दिवशी जेवली नाही. मी मात्र दोन वेळा जेवले, कारण मला राग आला की भूक लागते.

तिसरं स्थळ कराडजवळच्या मलकापूरच्या पुढचं, आत एका गावातलं. उसाची जमीन, घरचे तीन ट्रॅक्टर, हंगामात कारखान्याला ऊसवाहतूक. मुलाचं वय माझ्यापेक्षा बरंच पुढं गेलेलं. शेतीतल्या पोरांना हल्ली पोरी कोण देतंय? म्हणजे दोन्हीकडचा माल दुकानात पडून राहिलेला. बोलणी करायला आबा आणि माझी मावशी गेली. परत आल्यावर आबांनी चपला ओळीत काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'जमलं. आता एकच गोष्ट. तुझ्या दम्याचा विषय तिथं निघता कामा नये. ते औषध चारचौघांत कुणाच्या नजरेला पडता कामा नये.'

मी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दोनदा सांगून बघितलं, दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा लपवलं. हिशेब सरळ होता. आबांनी माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा खोटेपणा केला असं मला वाटलं, आणि त्यांची कीव आली. आता इनहेलर दिसला तर लग्न मोडणार आणि आबा खोटे ठरणार, एवढंच मी डोक्यात पक्कं केलं.

साखरपुड्यानंतर नवऱ्यानं मला पहिल्यांदा फोनवर काय दाखवलं असेल? ट्रॅक्टरचा व्हिडिओ. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे, पुढची चाकं जमिनीपासून उचलायला आलेली आणि वरच्या नळीतून काळ्या धुराचा खांब. मागे गाणं लावलेलं. एखाद्याला बाळाचा पहिला फोटो दाखवताना यावं तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

'धूर बघ धूर,' तो म्हणाला. 'ताकद हाय नुसती.'

'ही ताकद नाही,' मी म्हटलं. 'डिझेल जास्त झालं आणि हवा पुरली नाही. अर्धवट जळून बाहेर पडतंय. फुकट जातंय ते.'

तो मोठ्यानं हसला. 'मास्तरीणबाई, धूर न्हाई तर ट्रॅक्टर कसला? पांढऱ्या धुराला गावात कुत्रं बी विचारत न्हाई.'

ही त्या भागातली समजूत अशी घट्ट आहे की तिथं माझ्या एमएस्सीचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. कंपनीनं इंजिनाला जेवढं डिझेल ठरवून दिलेलं असतं त्याच्यापेक्षा जास्त जाईल अशी सोय मिस्त्रीकडून करून आणतात. त्याला डिझेल वाढवणं म्हणतात. ट्रॅक्टर थोडा जास्त ओढतो हे खरं, पण वाढवलेल्यातला पुष्कळ भाग काजळी होऊन आभाळात जातो, आणि त्या आभाळाकडे बघून गावातली तरणी माणसं शिट्ट्या मारतात. ज्याचा धूर जास्त काळा त्याला वरातीत पुढचा मान.

आमच्या वरातीला त्यानं घरच्या तिन्ही ट्रॅक्टरचं डिझेल वाढवून आणलं. माझ्या मानाला. हे त्यानं मला मांडवात कानात सांगितलं, लाजत लाजत. इतकं प्रेमानं मला कुणी मारायला निघालं नव्हतं.

लग्न दुपारी लागलं. संध्याकाळी गावच्या वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत वरात. एका ट्रॉलीला फुलांची कमान बांधून आम्हा दोघांना सोफ्यावर बसवलेलं. माझ्या शेजारी मावशी, पाठराखीण म्हणून आलेली. नवरीला परक्या घरी एकटं वाटू नये म्हणून माहेरची एक बाई तिच्यासोबत सासरी जाते, पाठ राखायला, अशी रीत. माझी पाठ राखायला मावशी होती आणि मावशीच्या मांडीवर माझी पर्स होती. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला इनहेलर. समोरच्या बाकड्यावर सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्यात तशीच पद्धत. आत्यांनी मांडी घातलेली, हात गुडघ्यावर, आणि नजर माझ्यावर.

आमची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर बरोबर आमच्या पुढ्यात. त्याची उभी नळी माझ्या तोंडापासून फार तर आठ-दहा हातांवर. पुढं आणखी दोन ट्रॅक्टर. डॉल्बी सुरू झाली, आणि पुढच्या ड्रायव्हरनं क्लच दाबून रेस दिली.

'आरं, सुनंच्या मानाला सोड की जरा! गार पडला व्हय रं?' कुणीतरी ओरडलं.

त्यानं सोडला. तिघांनीही सोडला. काळा लोट कमानीच्या झेंडूवरून, मुंडावळ्यांवरून सरळ माझ्या तोंडावर आला.

दम्याचं लोकांना एक कळत नाही. श्वास आत जात नाही असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे बाहेर निघत नाही. आतला शिळा श्वास छातीत अडकून बसतो आणि नवीन घ्यायला जागाच राहत नाही. मग खांदे वर ओढायचे, गळ्याचे स्नायू ताणायचे, आणि तरी हाती काय लागतं, तर एक बारीक शिट्टी. माझी शिट्टी डॉल्बीत कुणाला ऐकू येणार होती? मी मावशीच्या हातावर बोटं रोवली आणि पर्सकडे बघितलं.

मावशीनं पर्स पदराखाली घेतली.

'मावशी,' मी म्हटलं. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला.

'आत्ता न्हाई,' मावशी ओठ न हलवता म्हणाली. 'घरात गेल्यावर. हस. फोटू काढत्यात.'

मी हसले. ते हसू अल्बममध्ये आहे, मोठं करून लावलंय. डोळे पाण्यानं भरलेले, ओठ दोन्ही बाजूंनी ताणलेले. बघणारे म्हणतात, माहेर आठवलं बिचारीला. माहेर! मला त्या वेळी बेंझीन आठवत होतं. घाबरून जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात शिकवायला लागले होते. साखळी तुटली, ॲसिटिलीन झालं, कडं झालं. कड्याला कडं. नळीच्या तोंडाशी आलेल्या कणाला न जळलेलं डिझेल चिकटून बसतं, तो आता चिकट आहे, तो माझ्या नाकातून गेला, घशातून गेला, आता श्वासनळीच्या बारक्या फांद्यांत चाललाय. प्रत्येक पायरी मला माहीत होती. माहीत असून काडीचा उपयोग झाला नाही.

शेजारी नवरा फेट्यात हरखून गेलेला. मित्रांकडे बघून अंगठा वर करत होता. एकदा त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, 'कसं वाटतंय?' मी मान हलवली. त्यानं ती आनंदाची धरली आणि ड्रायव्हरला आणखी एक खूण केली. त्याच्या त्या खुणेचा मला इतका संताप आला की हातात काही असतं तर मी त्याच्या फेट्यावर घातलं असतं. मांडीवर फक्त नारळ होता, आणि तो उचलायचीही ताकद उरली नव्हती.

आत्या समोरून बघत होत्या. एकदाही त्यांची नजर हलली नाही. मला वाटलं, हिला शंका आली. मी आणखी ताठ बसले आणि खांदे वर जाऊ नयेत म्हणून शालू दोन्ही मुठींत धरून ठेवला. इतके दिवस आबांनी राखलेलं माझ्या खांद्यांनी फोडू नये, हा माझा विचार. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

देवळातून घरी. दारात माप ठेवलेलं आणि नणंद उंबऱ्यात आडवी उभी. उखाणा घेतल्याशिवाय आत सोडणार नाही. नवऱ्याचं नाव गुंफून दोन ओळी म्हणायच्या, एवढंच. मी चांगले तीन उखाणे पाठ करून आणले होते. माझ्याकडे श्वास होता एका शब्दाचा. मी नवऱ्याचं नुसतं नाव घेतलं, तेही निम्मं पोटातच राहिलं. बायका खो खो हसल्या. 'लय लाजती गं बया!' टाळ्या पडल्या, आणि मी माप लवंडून लक्ष्मी होऊन आत आले.

मावशीनं मला न्हाणीत नेलं, दाराला कडी घातली, आणि मग पर्स उघडली. मी तीन-चारदा ओढला. नखं निळसर झाली होती. मावशीनं माझ्या तोंडावरचं काळं ओल्या टॉवेलनं पुसलं आणि म्हणाली, 'झालं की न्हाई निभावून? मेली का? मग!' सकाळी ती साडीचोळी घेऊन सांगलीच्या गाडीत बसली. पाठ राखून झाली होती.

पुढं मी तिथंच नांदले. मलकापुरात एका क्लासला रसायनशास्त्र शिकवायला जायचे, आणि घरी लपवायचे. लपवण्याचंही एक शास्त्र असतं. इनहेलर हरभऱ्याच्या डब्यात, वर हरभरे, खाली इनहेलर. आवाज जाऊ नये म्हणून न्हाणीतला नळ सोडून ओढायचा. संपलेला कराडला कचऱ्यात टाकायचा, गावात नाही. पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ट्रॅक्टर सुरू व्हायचा आणि गार इंजिन तापेस्तोवर रेस दिली जायची. ओट्यापासून भिंतीपर्यंत काळा थर बसायचा. मी तो रोज पुसायचे. फडकं धुताना पाण्यावर तेलकट तवंग यायचा, आणि माझ्या छातीत असाच तवंग असणार, असा विचार रोज यायचा. नवऱ्याला वाटायचं, बायको न्हाणीत फार वेळ घेते. 'आत काय प्रयोग करती का?' असं चिडवायचा. मी सांगितलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण आईजवळ बोलून मोकळं होणारा होता, आणि ते आत्यांपर्यंत गेलं असतं. आबांची मान खाली गेली असती. सकाळ-संध्याकाळ मला तेवढंच दिसायचं, आबांची मान.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, अवजारं, गाड्या पुजतात. हंगाम तोंडावर असल्यामुळे तिन्ही ट्रॅक्टर मिस्त्रीकडून नुकतेच पुन्हा डिझेल वाढवून आलेले. धुऊन, झेंडूचे हार घालून अंगणात ओळीनं उभे केले. गावातली पंधरा-वीस माणसं प्रसादाला आलेली. ओवाळायचा मान सुनेचा. मी ताट घेऊन मधल्या ट्रॅक्टरसमोर उभी राहिले. चाकाखाली लिंबू ठेवलेलं. नवरा सीटवर बसला. लिंबू चिरडून ट्रॅक्टर एक हात पुढं घ्यायचा आणि थांबवायचा, एवढी पूजा. पण गावात आणखी एक पद्धत पडलेली आहे. ट्रॅक्टरनं ओवाळणाऱ्या बाईला सलामी द्यायची.

त्यानं सलामी दिली. नळी वर होती, पण वारा खालच्या अंगाला होता. लोट खाली आला आणि मी त्याच्या आत उभी होते. त्या वेळी आधीच सर्दीनं छाती भरलेली. ताट हातातून गेलं. कुंकू सांडलं, निरांजन विझलं, मी गुडघ्यावर बसले. बाया 'आगं आगं' करत धावल्या. मला बोलता येईना. मी घराकडे बोट केलं, नुसतं हवेत.

आत्या उठल्या. 'काय पायजे? काय हुतंय?' असं काहीच त्यांनी विचारलं नाही. त्या सरळ आत गेल्या. उघड्या दारातून मला दिसलं, त्यांनी फडताळ उघडलं नाही, माझी पर्स बघितली नाही. हरभऱ्याचा डबा काढला, हरभऱ्यात हात घातला आणि इनहेलर काढला. पदराखाली धरला. बाहेर आल्या, माझ्या जवळ आल्या, आणि दिला नाही.

'आत चल आदी,' त्या म्हणाल्या. 'माणसं हायती.'

काखेत हात घालून त्यांनी मला उठवलं. अंगण, ओटा, सोपा, माजघर, मी कशी चालले मला सांगता येणार नाही. मधे एकदा डोळ्यांपुढं अंधार आला तेव्हा त्यांनी मला ओढलं. खोलीचं दार लावल्यावर त्यांनी इनहेलर हलवला, चांगला हलवला, जसा हलवायचा असतो तसा, आणि माझ्या तोंडाला लावला.

थोड्या वेळानं मला शब्द फुटला. 'तुम्हाला कधी कळलं?'

'कवा म्हंजी?' आत्यांनी माझ्या कपाळावर चिकटलेला झेंडूचा तुकडा काढला. 'लग्नाच्या आदी. तुजा बा आन् मावशी हितं सोप्यात बसून सांगून गेल्ती. पोरीला दमा हाय म्हणालं. फसवून द्यायची न्हाई म्हणालं. लय सरळ माणूस.'

मी भिंतीला टेकून सरळ बसले.

'मीच म्हटलं, आसू दे. आमच्या पोराचं वय गेलं हुतं, आमी तरी कुठं धडाचं? पर गावात बोभाटा नगं. भाऊबंद हसतील, दमेकरीण आणली म्हणून. चारचौघांत ते तोंडाला लावायचं न्हाई, एवडा शब्द द्या. तुज्या बानं दिला.'

'वरातीत तुम्ही समोर बसला होता.'

'व्हय की. म्हटलं बघावं, पाळती का शब्द. लय तरास हुत हुता तुला. मला कळत नव्हतं व्हय? पर एवडं गुदमारली तरी त्वांड उघडलं न्हाईस. तवाच मी जावंला म्हटलं, ही टिकती. ही घर मोडत न्हाई.' आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. ती बाई माझं कौतुक करत होती. अगदी मनापासून.

'आणि यांना?' मी विचारलं. 'तुमच्या मुलाला?'

'त्याला कशाला? गडीमाणसाच्या पोटात ऱ्हातंय व्हय काय?'

मी तिथंच बसून आबांना फोन लावला. विचारलं, सासरच्यांना तुम्ही सांगितलं होतं?

'सांगितलं होतं म्हणजे?' आबांना माझा प्रश्न अपमानाचा वाटला. 'आपण काय चोर आहे? समोर बसून सांगितलं. तिसऱ्यांदासुद्धा खरंच सांगितलं.'

'मग मला का नाही सांगितलं?'

'तुला कळलं असतं की त्यांना माहीत आहे, तर तू पाळलं असतंस का? पहिल्याच दिवशी सगळ्यांपुढं काढून ओढलं असतंस. मी जबान देऊन आलो होतो पोरी. तू राखलीस माझी. मावशीनं वरातीचं सांगितलं तेव्हा माझी छाती भरून आली.'

माझीही भरली होती त्या दिवशी, वेगळ्या मालानं. मी तसं बोलले नाही, फोन ठेवला. सगळे खरं बोलले होते. आबा खरं बोलले होते, मावशी, आत्या, सगळे. त्या सगळ्या खरेपणात लपवत एकटी मी बसले होते, हरभऱ्यात हात घालून, नळ सोडून, कुणापासून? जे मला बघत होते त्यांच्यापासून. मला इतका राग आयुष्यात आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढावा हेही कळेना, कारण प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की आपण माझं भलंच केलं.

मी उठले. आत्या म्हणाल्या, 'पडून ऱ्हा जरा.' मी दार उघडलं, माजघर, सोपा, ओटा ओलांडून अंगणात आले, सगळ्या माणसांच्या मधोमध उभी राहिले, आणि इनहेलर हलवून तोंडाला लावला. मागून आत्यांचं 'आगं!' ऐकू आलं. मी सावकाश ओढला, दम धरला, सोडला.

काही झालं नाही. दोघं-तिघं बघत होते. बाकीचे प्रसाद खात होते. शेजारची म्हातारी खोबरं चावता चावता म्हणाली, 'आमच्या धाकल्या नातीला बी हाय तसलं. शाळंत घिऊन जाती.' आणि तिनं परत खोबऱ्याकडे लक्ष दिलं.

नवरा ट्रॅक्टरजवळ उभा होता, घाबरून चेहरा पांढरा पडलेला. जवळ आला. 'काय झालं हुतं? हे काय हाय?'

'दमा,' मी म्हटलं. 'लहानपणापासून. तुझ्या धुरानं होतो.'

'म्हंजी वरातीत?'

'वरातीत. आणि रोज पहाटे, खिडकीखाली.'

तो ट्रॅक्टरकडे वळला, सीटखालच्या डब्यातून पाना आणि पेचकस काढला, इंजिनाचं झाकण उचलून आत वाकला. एक नट सैल केला, डिझेलचा बारका स्क्रू थोडा उलटा फिरवला, नट आवळला. पोळी उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. हात पँटला पुसत तो म्हणाला, 'एवडंच व्हय? आदी सांगायचं नव्हं? कवाच केलं असतं.'

त्यानं ट्रॅक्टर सुरू केला, रेस दिली. नळीच्या तोंडाशी हवा नुसती थरथरली. धूर नव्हता.

मी अंगणात सगळ्यांसमोर रडायला लागले. तो खाली उतरून आला आणि खरंच काही न कळून म्हणाला, 'आता कशाला रडतीयास?'